जुनं आधी विझवा

नव्या प्रकल्पाची जागा मला कळली ती एका सोमवारी सकाळी, ऑफिसात पहिला चहा यायच्या आधी. आमचे साहेब काटोलचे. घरची संत्र्यांची बाग, त्यामुळे मोसमात त्यांच्या टेबलाखाली संत्र्यांची पिशवी असायचीच. त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक संत्रं ठेवलं, बसायला सांगितलं आणि म्हणाले की कोळशावर चालणारे दोन नवे संच उभारायचं आपल्या वीज कंपनीनं ठरवलंय, जुन्या केंद्राच्याच आवारात, आणि पर्यावरणाची सगळी बाजू मी बघायची. मी संत्रं सोलायला घेतलं होतं, ते तसंच हातात राहिलं.

"तुमचं माहेर तिथलंच ना?" त्यांनी हळूच विचारलं.

तिथलंच. नागपूर संपल्यावर उत्तरेकडचा रस्ता कोळशाच्या गाड्यांचे रूळ ओलांडतो, त्याच्या पलीकडे आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर वीज केंद्राच्या चिमण्या. लहानपणी मला वाटायचं की प्रत्येक गावाला विहीर असते तशा चिमण्याही असतात. मामाच्या गावी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या चिमण्या कुठे आहेत असं मी विचारलं होतं म्हणे.

बाबा केंद्रात आधी ठेकेदाराकडे कोळसा उचलायला लागले. माझे आजोबा शेतमजूर. ते दीक्षाभूमीवरून दीक्षा घेऊन परतले तेव्हापासून आमच्या घरात शिका, शिका हा एकच धोशा होता. बाबा कोळशाच्या यार्डातून आंघोळ करून रात्रशाळेत जायचे. मॅट्रिक झाले, पुढे कायम झाले आणि बॉयलरवर गेले. संच म्हणजे एक बॉयलर, एक टर्बाइन आणि एक जनित्र मिळून झालेला संसार. बाबांनी निवृत्त होईपर्यंत एकाच संचाची सेवा केली. घरी त्याच्याबद्दल ते असं बोलायचे की पाहुण्याला वाटावं, गोठ्यातल्या बैलाचं चाललंय: आज जरा रुसला होता, आज पाणी फार पितो, आज मात्र झकास चालला.

आई रामटेककडची, धानाच्या गावची. लग्न होऊन आली त्या पहिल्या सकाळी अंगणात वाळत घातलेल्या नव्या लुगड्यावर तिला राख दिसली. शेजारी कोणाचं घर जळलं का, असं तिनं घाबरून सासूला विचारलं. सासूनं लुगडं झटकलं आणि सांगितलं की रोजचंच आहे. ते रोजचंच राहिलं. घरामागच्या तुकड्यात आई पालक, मेथी, मुळा आणि सांबार लावायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पालकाच्या पानावर राख पिठासारखी बसायची आणि धुतली तरी शिरांमधून निघायची नाही. शनिवारच्या बाजारात ओळखीची गिऱ्हाइकंसुद्धा पानावरून बोट फिरवून बघायची आणि मग पुढच्या दुकानाकडे वळायची. आई घरी येऊन उरलेली भाजी म्हशीपुढे टाकायची.

आणि त्याच केंद्राच्या पगारावर मी शिकले. रसायनशास्त्र, मग पर्यावरणाचं इंजिनिअरिंग, मग परीक्षा देऊन त्याच वीज कंपनीत नोकरी. लग्नानंतर धरमपेठेत राहायला गेले. तिथे गॅलरीत वाळत घातलेला नवऱ्याचा पांढरा शर्ट संध्याकाळी पांढराच असतो, याचं मला सुरुवातीला फार आश्चर्य वाटायचं.

पुढच्या रविवारी मी ही बातमी घेऊन गावी गेले. बाबांचा आनंद मावेना. त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली, आणि मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. नव्या बॉयलरमध्ये पाणी इतक्या दाबाखाली असतं की ते उकळत नाही, बुडबुडे येत नाहीत, सरळ वाफ होऊन जातं. तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो. धुरातली राख विजेच्या पत्र्यांना चिकटवून पकडतात, ती यंत्रणा जुन्या संचांपेक्षा कितीतरी चांगली. आणि पकडून उरलेला धूर चुनखडीच्या पाण्याच्या फवाऱ्यातून धुऊन काढतात, म्हणजे त्यातला गंधक खालीच राहतो. बाबांचा चहा निवून गेला.

आई दाराशी बसून मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आता धूर धुणार म्हणते," ती म्हणाली. "मी जन्मभर भाजी धुतली, तवा कोणी आलं नाई."

मी म्हटलं की तेव्हा असं तंत्र आपल्याकडे नव्हतं. त्यावर तिनं निवडलेली मेथी टोपलीत टाकली आणि विचारलं, "एवढं ऊन पडते नागपुरात. मे महिन्यात डांबराले चप्पल चिकटून राहते. त्या उन्हाची लाइट काहून नाई करत वं?"

हा प्रश्न मला ऑफिसात कोणी विचारला नव्हता असं नाही, पण असा विचारला नव्हता. मी सांगितलं की तेही करतोय, त्याचा वेगळा विभाग आहे. पण सूर्य मावळल्यावर नागपुरातला प्रत्येक कूलर पहाटेपर्यंत चालतो आणि ती वीज कुठूनतरी यावी लागते. उन्हाची वीज साठवून ठेवायची सोय अजून पुरेशी नाही. होईल, पण आज नाही. आई म्हणाली, कूलर मीही लावते, मी काय तुझ्या कूलरवर रागावले का. मग तिनं शांतपणे सांगितलं की बचत गटाच्या बायकांचं ठरलंय. जनसुनावणी लागली की त्या सगळ्या जाणार आणि विरोध करणार, आणि बोलायला तिला सांगितलंय.

बाबा भडकले. ज्याच्यावर जगलो त्याच्याविरुद्ध बोलायचं, लोक काय म्हणतील, पोरगी तिकडे साहेब म्हणून बसणार आणि माय इकडून बोंबलणार. आई एवढंच म्हणाली, "जगलो ना, कोण नाई म्हणते? म्हणूनच तर बोलतो, बाहेरचा कायले बोलन?"

त्यानंतर काही दिवस त्या दोघांचं बोलणं बंद झालं. बाबा मला फोन करायचे आणि आईला सांग म्हणायचे की गॅस संपलाय. आई त्याच फोनवर मागून ओरडायची की मला ऐकू येतं.

मी साहेबांना सगळं खरं सांगितलं. माझी आई सुनावणीत आपल्याविरुद्ध बोलणार आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यायचं असेल तर द्या. साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले की काम काढून घ्यायचा प्रश्नच नाही. पण आपण कागदावरचं सांगतोय आणि त्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतायत, तर आधी त्यांनाही डोळ्यांनी दाखवून आणा. राज्यातल्या एका केंद्रात असे नवे संच चालू होते, धूर धुण्याच्या यंत्रणेसकट. त्यांनी तिथल्या मुख्य अभियंत्याला फोन लावला आणि बसची सोय केली.

बसमध्ये बचत गटाच्या बायका होत्या, तीन-चार निवृत्त कामगार होते आणि बाबा होते. बाबा पुढच्या सीटवर, आई मागच्या. डब्यांतून पोळ्या, मिरचीचा ठेचा आणि बेसन निघालं, गाणी झाली, आणि मी मधोमध बसून दोन्हीकडच्या चटण्या खाल्ल्या.

केंद्रावर गेल्यावर सगळ्यांना हेल्मेट दिली. बायकांनी ती पदरावरून घातली आणि एकमेकींकडे बघून हसू लागल्या. बाबांना नियंत्रण कक्ष दाखवला. पडदे, आकडे, थंडगार हवा, आणि खुर्च्यांवर बसलेली माझ्याहून लहान मुलंमुली. बाबांनी एकेक पडदा जवळ जाऊन पाहिला. मग त्यांनी तिथल्या एका मुलीला विचारलं, "बाई, आवाज कुठे हाय?" तिला कळेना. बाबांनी आयुष्यभर कानानं बॉयलर ओळखला होता. कुठला पंप दमलाय ते त्यांना जेवताना घरी बसून कळायचं. ती मुलगी उठली, त्यांना बॉयलरच्या मजल्यावर घेऊन गेली आणि आवाज ऐकवून आणला. परत आले तेव्हा बाबांचा चेहरा खुलला होता. आपल्यापेक्षा एकसारखा आवाज आहे, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

आई मात्र आत फार रमली नाही. ती बाहेर कुंपणाजवळ गेली, करंजाचं एक पान खाली ओढलं आणि त्यावरून बोट फिरवलं. बोट तिनं बाकीच्या बायकांना दाखवलं. धूळ होती, रस्त्याच्या कडेच्या कुठल्याही झाडावर असते तेवढी. तिनं आणखी दोन झाडांची पानं पाहिली. मग तिनं मला सांगितलं की आता इथल्या गावात घेऊन चल.

मुख्य अभियंते आमच्याबरोबर स्वतः आले. पिकल्या केसांचे, कमी बोलणारे गृहस्थ. गावात पोचायच्या आधीच त्यांनी गाडी थांबवली आणि सांगितलं, "धुराचं आम्हाला जमलं. ट्रकचं अजून जमलेलं नाही." समोरच रस्ता होता. केंद्रातली राख विटांच्या भट्ट्यांना आणि सिमेंटच्या कारखान्यांना ट्रकमधून जायची. ताडपत्र्या बांधलेल्या होत्या, पण खड्ड्यात ट्रक आदळला की कडेनं राख सांडायची, आणि मागून येणारा ट्रक ती उडवायचा. रस्त्यालगतच्या घरांच्या भिंती कमरेपर्यंत राखाडी झाल्या होत्या. तिथल्या बायकांनी आमच्या बायकांना ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. आभाळातून यायची ती कमी झाली. रस्त्यानं येते ती वाढली.

परत येताना आई माझ्या शेजारी येऊन बसली. बाहेर कपाशीची शेतं मागे पडत होती. तिनं विचारलं की राख ट्रकशिवाय दुसऱ्या कुठल्या मार्गानं जाऊ शकत नाही का. मी सांगितलं की जाते. कोरडी राख बंद पाइपातून हवेच्या जोरानं ढकलता येते, मोठ्या कोठीत साठवता येते आणि तिथून बंद डब्यांच्या मालगाडीत भरता येते. आपल्याकडे कोळशाचे रूळ आहेतच. पण ते महाग पडतं, म्हणून योजनेत ट्रकच धरलेत.

"महाग म्हंजे होत नाई असं तर नाई ना?"

होतं, मी म्हटलं.

थोड्या वेळानं तिनं दुसरं विचारलं. नवं सुरू झालं की जुनं बंद होईल ना? कागदावर लिहिलं होतं की जुने संच टप्प्याटप्प्यानं बंद होतील. पण विजेची मागणी वाढली की जुन्या संचाला मुदतवाढ मिळते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं होतं. मी आईला तेही सांगितलं. बाबा पुढच्या सीटवर होते. त्यांची मान आमच्याकडे किंचित वळलेली होती.

जनसुनावणी गावच्या शाळेच्या मैदानात झाली. मोठा मांडव, लाल खुर्च्या, व्यासपीठावर सरकारी अधिकारी. मांडवाच्या कोपऱ्यांत कूलर लावले होते आणि ते डिझेलच्या जनरेटरवर चालत होते, कारण त्या दुपारी गावात लाइट नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आम्ही असाच पाहत मोठे झालो.

आधी मी योजना समजावून सांगितली. मागून कोणीतरी म्हणालं की ही आपलीच पोरगी, कंपनीची होऊन आलीय. मी बोलत राहिले. कोळसा किती कमी लागेल, धूर कसा धुतला जाईल, नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून ते थंडाव्यासाठी वापरल्यानं धरणाचं किती पाणी वाचेल, हे सगळं सांगितलं. एकानं विचारलं की म्हणजे शहराचे संडास आता आमच्या गावातून वाहणार का. हशा पिकला, आणि त्या हशामुळे मलाही जरा श्वास घेता आला. मी म्हटलं की वाहणार, पण बंद नळातून आणि स्वच्छ होऊन. मग मी हेही सांगितलं की नवं असलं तरी ते कोळशाचंच केंद्र आहे. राख होणार, धूर होणार, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. शून्य नाही. साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पण थांबवलं नाही.

त्यानंतर लोक उठू लागले. कोणी जमिनीचं बोललं, कोणी नोकऱ्यांचं, कोणी नुसतंच रागावलं. मग आई उठली. पदर डोक्यावर घेतला आणि माइक दोन्ही हातांनी धरला, टोपली धरतात तसा. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. अध्यक्ष म्हणून बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. आपण ते दुसरं केंद्र बघून आलो, तिथलं झाडाचं पान पाहिलं, तिथला रस्ता पाहिला, तिथल्या बाया काय म्हणाल्या, हे तिनं क्रमानं सांगितलं. आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली:

"आमचा नव्याले विरोध नाई. पण जुनं आधी विझवा, मंग नवं पेटवा. अन् राख आमच्या रस्त्यानं नका नेऊ. रूळ हाय तुमच्यापाशी, त्याच्यावरून न्या."

विरोध ऐकायला आलेल्यांना हा पुरेसा विरोध वाटला नाही. पाठिंबा ऐकायला आलेल्यांना हा पाठिंबा वाटला नाही. साहेब उठून म्हणाले की जुने संच नियमाप्रमाणे टप्प्याटप्प्यानं बंद होतील. लोकांत कुजबुज सुरू झाली. टप्प्याटप्प्यानं हा शब्द त्यांनी बऱ्याच वर्षांपासून ऐकला होता.

तेव्हा मागच्या रांगेतून बाबा उभे राहिले. बाबा कधी चार लोकांत बोलले नव्हते. युनियनच्या सभेतसुद्धा ते कडेला बिडी ओढत उभे राहायचे. ते पुढे चालत आले तेव्हा मला वाटलं की आता आईविरुद्ध बोलणार.

बाबांनी माइक घेतला नाही. "मी त्या संचावर जन्म घालवला," ते म्हणाले. "त्याच्याएवढं मले कोणी देलं नाई. पण तो आता थकला, साहेब. पत्रे सडले, राख धरून ठेवत नाई. मले वय झालं म्हून रिटायर केलं, मंग त्याले काहून राबवून राहिले?"

आणि ते परत मागे गेले नाहीत. आईच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर जाऊन बसले. आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी भाषण थांबवलं. ते म्हणाले की आज इथे शब्द देण्याचा अधिकार मला नाही. पण या दोन्ही गोष्टी मी स्वतः वर मांडीन, तुमच्या शब्दांत मांडीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण घोषणाही दिल्या नाहीत.

पुढे खूप काम झालं, आणि त्यातलं बहुतेक सांगण्यासारखं नाही. बैठका, त्यांवर बैठका. मी हवेचा नवा हिशोब मांडला: जुने आणि नवे संच काही काळ एकत्र चालले तर राख आणि गंधक कुठे कुठे पडेल. संगणकावर त्याचा नकाशा निघतो आणि जिथे जास्त पडेल तिथे रंग गडद होतो. मुख्यालयातल्या बैठकीत तो नकाशा भिंतीवर लावला तेव्हा सगळ्यात गडद डाग गावावर पडलेला दिसत होता, म्हणजे आईच्या पालकावर. ते मी बोलले नाही. एवढंच म्हटलं की स्वच्छ प्रकल्प म्हणून आपण जो आणतोय, त्याच्या पहिल्या काही वर्षांत इथली हवा आजच्यापेक्षा वाईट असेल, आणि लोकांना आपण स्वच्छ हा शब्द सांगून बसलोय.

पाइप आणि मालगाडीवरून जास्त वाद झाला. खर्च जास्त होता हे खरंच होतं. साहेबांनी सिमेंट कारखान्यांशी बोलणी केली. कोरडी, न भिजलेली राख त्यांना हवीच असते आणि मालगाडीनं एकदम पोचली तर ते ती नियमित घ्यायला तयार होते. साहेब एरवी मवाळ माणूस, पण त्या बैठकीत ते दोनदा टेबलावर हात आपटून बोलले. परत येताना लिफ्टमध्ये त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या बागेशेजारून गिट्टीच्या खदानीचा रस्ता जातो आणि त्या बाजूच्या झाडांना संत्री कमी लागतात. हे त्यांनी आजवर ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं.

मंजुरी आली तेव्हा दोन्ही गोष्टी तीत होत्या. सगळ्यात जुने दोन संच बंद झाल्याशिवाय नव्या बॉयलरमध्ये जाळ पेटवायचा नाही, आणि राख बंद पाइपातून रुळापर्यंत न्यायची. मी जिन्यात उभी राहून आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे पक्कं का, का टप्प्याटप्प्यानं? पक्कं, मी म्हटलं. ती म्हणाली, बरं, मग आता जेवून घे, आवाज बसला तुझा.

त्या दोन जुन्यांपैकी बाबांचा संच बंद झाला तो गेल्या हिवाळ्यात, एका सकाळी. जुन्या कामगारांना बोलावलं होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि आई माझ्याबरोबर गेटपर्यंत आली. आत सोहळा असा काही नव्हता. भार हळूहळू कमी करत आणला, कोळसा दळणाऱ्या चक्क्या एकेक करून थांबल्या, शेवटी बॉयलरमधली आग विझली. उरलेली वाफ मोठा आवाज करत बाहेर पडली आणि मग तोही आवाज विरत गेला. बाबा बॉयलरच्या मजल्यावर कठड्याला हात लावून उभे होते. बाकीचे चहाला गेले तरी त्यांचा हात तिथेच होता. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले की अजून गरम आहे, थंड व्हायला बराच वेळ लागतो. मग म्हणाले, चल.

घरी आईनं पाटोडीचा रस्सा केला होता, बाबांच्या आवडीचा, तिखटजाळ. बाबा घाम पुसत जेवले आणि पुन्हा वाढ म्हणाले. त्या दुपारी आम्हा तिघांच्याही एक गोष्ट लक्षात आली. केंद्राचे बाकीचे संच चालू होते, तरी गावातला तो कायमचा घुमणारा आवाज थोडा उतरला होता, आणि त्याच्याखालून छतावरच्या पंख्याची करकर ऐकू येत होती. आई म्हणाली की हा पंखा इतका वाजतो हे मला माहीतच नव्हतं, तेल घाला त्याला.

आता तिथे नव्या संचांच्या पायाचं काम चालू आहे. मी बहुतेक आठवडे जाते. भोवती झाडांचा पट्टा लावायची अट आहे आणि त्याची रोपवाटिका बचत गटाच्या बायकांनी घेतली आहे. आई तिथे सकाळची पाळी करते. झाडं कुठली लावायची यावर तिचं आणि ठेकेदाराच्या माणसाचं रोज वाजतं. त्याला लवकर वाढणारी, शोभेची हवीत. आईला कडुनिंब, करंज आणि जांभूळ. कडुनिंबाचं तिनं त्याला पटवलंय. जांभळाचं अजून चालू आहे. पिकली की लोक दगड मारतील असं त्याचं म्हणणं, आणि मारू दे असं आईचं.

माझ्या मनात शंका नाहीत असं नाही. कोळसा तो कोळसाच, आणि एकदा उभं राहिलेलं केंद्र बरीच वर्षं चालतं. केंद्राची राख वर्षानुवर्षं सोडून भरून गेलेल्या जुन्या तलावावर सौर पॅनेल बसवायचा प्रस्ताव मी आणि साहेबांनी मिळून दिलाय. त्याच्यावर सध्या चर्चा चालू आहे, आणि यावेळी चर्चा या शब्दाला मी घाबरत नाही. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता आली ना उन्हापाशी? मी तुले कवाची म्हणून राहिली."

परवा गेले तेव्हा ती खड्ड्याशी वाकलेली होती, हात कोपरापर्यंत मातीत. बाबा पलीकडे पाण्याचा पाइप घेऊन उभे, दर दोन मिनिटांनी कुठे पाणी सोडायचं ते विचारत. मी ऑफिसचे बूट घालून तशीच उभी होते. आईनं मान वर न करता एक कडुनिंबाचं रोप माझ्या हातात दिलं.

"सरळ धरजो वं," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी माती दाबायला लागली.